जलमताच पिवळा

न्हाणीतला जुना पाइप सोडून मी नवा कापला. तोही करवतीने, दोन ठिकाणी. शिवाय तो कापलेला तुकडा बायकोला दाखवायला मिरवत अंगणात नेला.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी त्याच संध्याकाळी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावला येणार होती. तिच्याआधी न्हाणीत गिझरचं गरम पाणी आलंच पाहिजे, हा बायकोचा हुकूम. मिस्त्री मागच्या आठवड्यात, मी शाळेत असताना, गिझर टांगून थोडा पाइप टाकून गेला होता. जाताना निरोप ठेवला, "गुरुजीले म्हणा, जुना पाइप कुठवर गेला ते पाहून ठेवा. रविवारी येऊन काढतो."

पाहून ठेवा, एवढंच. पण मास्तरला चूक नुसती पाहवत नाही.

न्हाणीच्या भिंतीकडे मी कित्येक वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. आता पाहतो तर पाइप दोन. एक राखाडी, एक पिवळसर. माझी पांढरी बनियन वर्षभरात पिवळी पडते. म्हटलं, हाही तसाच म्हातारा झाला. राखाडी मात्र ठणठणीत! तो नव्व्याण्णव साली, घर बांधताना मीच बसवलेला, शेतातल्या मोटारीचा उरलेला. वळणावरच्या एका एल्बोसाठी गोंदियाला कोण जाणार, म्हणून तणसाच्या जाळावर शेकून कोपऱ्यात वाकवलेला. आपल्या हातचं काम जुनं झालं असं कोणाला वाटतं?

मिस्त्री आला आणि न्हाणीच्या दारातच थबकला.

"हा काऊन कापला जी?"

"पिवळा पडला होता."

"पडला नाही, गुरुजी. हा जलमताच पिवळा असते. गरम पाण्याचा पाइप व्हय हा." मग त्याने माझ्या राखाडी वळणावर पान्हा टेकवला. फक्त टेकवला. वळण तडकलं. "जुना हा. शेतातला पाइप थंड्या पाण्याचा, गरम पाण्यानं नरम पडते. जाळावर वाकवला तवा नाही समजलं?"

तेव्हा मला ती माझी कारागिरी वाटली होती.

गोरेगावात पिवळा पाइप मिळाला नाही. मोटरसायकलवर गोंदियाला गेलो आणि दहा फुटी पाइप खांद्यावर भाल्यासारखा धरून परतलो. समोरून येणारे आपसूक रस्ता सोडत होते. मिस्त्रीने जोड चिकटवले आणि बजावलं, "सोल्युशन वाळू द्या. उद्या सकाळपर्यंत पाणी सोडू नोका."

तासाभरात लेक आली. मी चुलीवर पाणी तापवून लुंगी सावरत बादली न्हाणीकडे नेत होतो. अर्धं पाणी वाटेत सांडत होतं, आणि मी पाइपांचे प्रकार तिला समजावून सांगत होतो.

तिने आईला विचारलं, "आई, गिझर लागला का वं?"

बायकोने माझ्याकडे हनुवटी उडवली. "लागला ना. तो काय चालून राहिला. जरासा गळते, आन् आवाज लय करते."