थोरियमच्या डब्याचं सील

शालनबाईंबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं. इलाज नाही.

दापोडीत रेल्वेलाइनला लागून रंगरावांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची लांब शेड! तिथं पेट्रोमॅक्सच्या बत्तीत बसवायची जाळी तयार व्हायची. विणलेली सुती नळी थोरियम नावाच्या धातूच्या मिठाच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, टोकाला दोरा आवळायचा. अकरा बाया हे काम करायच्या आणि मी, अर्जुनराव, तिथला कारकून. हे मीठ बाजारात मिळत नसे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच अणुशक्तीचा कायदा झाला आणि थोरियमवर सरकारचा ताबा आला. आम्हाला परवान्यावर मीठ मिळायचं, लाखेचं सील लावलेल्या डब्यात. सील मीच तोडायचं आणि तसं वहीत लिहायचं, अशी अट होती. ती इंग्रजीत होती. बायांना समजावून सांगायचं काम माझं होतं आणि ते मी कधी केलं नाही.

शालनबाई पिंपळे सौदागरहून नदी ओलांडून पायी यायच्या. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. भावजय फटकळ. "कामाला जाते म्हनून ताट वाढत्यात," असं त्या हसत सांगायच्या. हात मात्र विलक्षण चपळ, आणि जीभही. मी जरा टेकलो की लगेच, "अर्जुनभाऊ, लेखनी झोपली का वो?" अक्षरओळख नव्हती. कुठलाही कागद आला की माझ्याकडं आणायच्या आणि मी वाचेन ते खरं मानायच्या.

सत्तावन्न सालच्या खंडेनवमीला बायांनी शेड धुऊन काढली. कात्र्या, टाक्या, दोऱ्याची रिळं, सगळं पूजेला मांडलं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं तो मिठाचा सीलबंद डबा मळका कसा ठेवायचा? शालनबाईंनी तो गरम पाण्यानं आणि राखेनं खसाखसा घासला. लाख निघून गेली. चकचकीत डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मीही हात जोडले. सील नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. सणाच्या दिवशी कशाला कटकट, म्हणून गप्प बसलो.

पाचव्या दिवशी तपासणीचे साहेब आले. डबा बघून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हा अणुशक्तीचा माल आहे, चहा-साखरेचा डबा नव्हे. सील कोणी तोडलं?"

शालनबाई पुढं झाल्या. "मी घासला, सायेब. पूजेला." मग हळूच मला म्हणाल्या, "कायदा पूजेला बी लागतो व्हय?"

रंगरावांनी मला आत ओढलं. "परवान्यावर डब्याचा जबाबदार म्हणून तुझं नाव आहे. तुझी चूक निघाली की परवाना गेला, शेड बंद, वर तू तुरुंगात. एका बाईनं खोडसाळपणा केला असं लिहिलं तर निभावेल. लिही."

दोन मुली होत्या मला. हे कारण म्हणून सांगत नाही, पण होत्या. मी शालनबाईंच्या नावानं जबाब लिहिला: 'मी कारकुनाच्या नकळत, जाणूनबुजून सील तोडून आतला माल काढला.' अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याची आजही किळस येते.

शालनबाई दाराशी उभ्या होत्या. "भाऊ, मला कामावरनं काढू नगा म्हनावं. भावजय उंबरा चढू देनार न्हाई. काय लिवलंय ह्यात?"

"चुकून निघालं, एवढंच."

"मग ठीक हाय," म्हणून त्यांनी अंगठा उठवला.

परवाना राहिला. शालनबाईंना त्याच संध्याकाळी काढलं. दुसऱ्या दिवशी दहाजणी कामावर आल्या, खाली मान घालून दोरे आवळत बसल्या. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पौषात एका दुपारी शालनबाई माझ्या घरी आल्या. भावजयीनं बाहेर काढलं होतं. आता कुणाच्या तरी गोठ्यात राहत होत्या. गालफडं बसली होती. हातात पुण्याच्या कोर्टाचा कागद होता. "काय म्हनत्यात, भाऊ?"

पुन्हा खोटं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण मी वाचलं. सरकारी माल चोरल्याचा आरोप, तारीख, हजर न राहिल्यास अटक.

"चोरला?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "पर तुमी तर 'चुकून निघालं' असं लिवलं व्हतं."

"नाही, शालनबाई. मी चोरी लिहिली होती. स्वतःला वाचवायला."

मला वाटलं, शिव्या देतील, चप्पल काढतील. मी तयार होतो. त्यांनी फक्त हात पुढं केला.

"द्या तो कागद," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाकडनं तरी वाचून घेते."