डोळे मिटून म्हटलेलं आमेन

अन्याय माझ्या आत्यावर झाला. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी, अकोल्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, समारोपाच्या प्रार्थनेत. तिचे डोळे मिटलेले असताना. माझेही.

पत्रकाची अशी सुरुवात करायला मला सरांनीच शिकवलं. सर म्हणजे लहानपणी अमरावतीत आमचा रविवारचा वर्ग घेणारे, पुढे आमच्या तरुण संघाला वळण लावणारे, आणि आता साऱ्या विभागातल्या मंडळ्यांचे, म्हणजे गावोगावच्या चर्चचे, अध्यक्ष. माझं पहिलं पत्रक दारूच्या दुकानाविरुद्ध होतं. त्यांनी त्यातलं अर्धं खोडलं. "प्रस्तावना काहून लिहितेस? कोणावर अन्याय झाला, कधी झाला, ते पहिल्या ओळीत टाक. अन् शेवटी वाचणाऱ्याला कामाला लाव. वाचून हळहळला आणि घरी गेला, तर कागद वाया." विसरले नाही, सर.

आत्या तिवस्यापासून आत असलेल्या एका खेड्यात राहते. तिथलं पत्र्याचं प्रार्थनाघर तीच झाडते, तीच उघडते. पाळक कधीतरी येतात. बाकीच्या रविवारी तीच वचन वाचते, तीच ढोलकी धरते. समोरच्या बौद्ध घरातली तिची मैत्रीण उपासना चालू असेतोवर दारातल्या कोंबड्या हाकलते आणि नंतर विचारते, "आज लय लांबवलं वं तुमी?" येणारी माणसं मूठभर. मजुरीला जाणाऱ्या बाया, गुडघे गेलेले म्हातारे. त्यांच्यासाठी अमरावती म्हणजे आधी फाट्यापर्यंत पायपीट, मग उभ्यानं एस.टी. मोझरीच्या आश्रमाला गर्दी असली की तीही फाट्यावर थांबत नाही.

अध्यक्ष झाल्यावर सरांनी अकोल्याला सभा बोलावली. येत्या काळातल्या सेवेची ध्येयं सगळ्या मंडळ्यांनी मिळून ठरवायची होती. पत्रक मी लिहिलं. 'ध्येयं वरून येणार नाहीत, तुमच्या तोंडून येतील.' हे वाक्य सरांचं. मी ते खरं मानून गावोगाव वाटलं.

आत्या म्हणाली, "तिथं मोठे मोठे लोक बोलतीन. माह्यं काय काम?"

"तुझंच काम आहे," मी म्हटलं.

ती आली. इस्त्रीची साडी, पिशवीत बायबल. भिंतीवर मोठे कागद चिकटवले होते. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि बोलली, "आमच्या गावातली रविवारची उपासना चालू राहिली पाहिजे. बाकी तुमी काय करसान ते करा."

सर हसले. "आत्याबाई, हे तर चालूच आहे. ध्येय म्हणजे पुढचं सांगा."

"मंग चालू हाये ते बंद नाई करायचं, हेच लिवा ना बाप्पा."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. सरांनी स्वतःच्या हातानं ते कागदावर लिहिलं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जग जिंकून दिलं होतं.

आता आमची रीत सांगते. आमच्यात हात वर करून मत घेत नाहीत. मत घेतलं की दोन गट, आणि दोन गट झाले की दोन मंडळ्या. हे जुन्या लोकांनी भोगलेलं. म्हणून जे ठरलं ते अध्यक्ष समारोपाच्या प्रार्थनेत देवापुढे मांडतात आणि सगळे आमेन म्हणतात. आमेन झालं की ठरलं. प्रार्थना चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, डोळेसुद्धा उघडत नाही.

आलू-वांग्याची भाजी खाऊन सगळे सुस्तावले होते. सरांनी प्रार्थना लांबवली. आजारी, प्रवासी, शेतकरी, सरकार, सगळे येऊन गेले. त्याच आवाजात, त्याच लयीत पुढे आलं: "आणि प्रभू, आमच्या विखुरलेल्या लहान कळपांना तू अमरावतीच्या एका मेंढवाड्यात गोळा करत आहेस, त्यासाठी तुझे आभार." आमेन. अख्खा हॉल. आत्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

ईस्टरनंतर सरांनी पाठवलेले मंडळीचे दोन पंच तिच्या दारात आले. प्रार्थनाघराची किल्ली मागितली.

"काहून?"

"खेड्यातली प्रार्थनाघरं बंद, आता सगळे अमरावतीले. तुमीच तं आमेन म्हणलं, बाई."

तिनं किल्ली दिली. देवापुढे हो म्हटलेलं ती मोडणार नव्हती. सर तिला ओळखून होते, म्हणूनच तर त्यांनी ही रीत वापरली.

मी सरांच्या घरी गेले. चहा आला, तो तसाच राहिला.

"सर, भिंतीवर तुमी तिचं वाक्य लिहिलं होतं."

"ते चर्चेतलं होतं. ठरलं ते प्रार्थनेत."

"फसवलं तुमी तिले."

"मी काय कानात बोललो? अख्ख्या हॉलसमोर बोललो. तू ऐकून नाई राहिली, तर मी काय करू?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "पोरी, अमरावतीत एक मोठं केंद्र होईल. माइक, तरुणांचं गायन. तूच सांभाळशील. खुश हो ना."

म्हणजे माझीही सोय त्यांनी लावून ठेवली होती. ज्या माणसानं मला अन्याय ओळखायला शिकवलं, त्याला वाटलं, हा एवढा मी ओळखणार नाही.

हल्ली रविवारी आत्या कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर बसते. म्हातारे येतात, बाया येतात, ढोलकी वाजते. मैत्रीण कोंबड्या हाकलते. मागच्या रविवारी मीही बसले होते. आत्यानं प्रार्थना केली आणि शेवटी गप्प झाली. आम्ही डोळे मिटून वाट पाहत राहिलो. आमेन आलंच नाही.

मी विचारलं तर म्हणाली, "भेव वाटते वं आता. कशाकशाले हो म्हणून बसीन, काय माईत."

साठी उलटलेल्या बाईच्या तोंडून तिचा शेवटचा शब्द काढून घेतला. कुलूप तर मी उद्या तोडीन. हा शब्द कसा परत आणू?

हे पत्रक वाचणारे तुम्ही त्या शनिवारी त्या हॉलमध्ये होता. जेवलात, डोळे मिटलेत, आमेन म्हटलंत. पुढच्या सभेला या. समारोपाची प्रार्थना सुरू होण्याआधी उभे राहा आणि ते आमेन परत घ्या. मोठ्यानं. उघड्या डोळ्यांनी. सरांकडे बघून.