शोकाकुलांच्या रांगेत

मिसरूड फुटणं ही मागच्या पिढ्यांची गोष्ट झाली. आमच्या वेळी पोरगा वयात आला की नाही, हे चौकातल्या फ्लेक्सवरून कळायचं. वाढदिवस कुणाचाही असो. वर त्याचा पूर्णाकृती फोटो आणि खाली आम्हा 'शुभेच्छुकां'च्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत जागा मिळाली की तुम्ही माणसांत आलात. गावोगावची आम्ही सगळीच पोरं या एकाच वेडाने पछाडलेली होतो.

प्रवरेकाठच्या बेलापूरजवळच्या आमच्या गावात माझा नंबर बारावीच्या सुट्टीत लागला. एका मित्राचा पांढरा शर्ट, दुसऱ्याचा गॉगल, आणि बंद पडलेला मोबाईल कानाला लावून मी खदाखदा हसतोय, असा फोटो. फ्लेक्सवाल्याने मला इतका गोरा केला की आई म्हणाली, "ह्यो कोन म्हनायचा?" पण मला तो दाखवायचा होता वडिलांना. "पोरगं हाय, त्याला काय इचारायचं?" या त्यांच्या एका वाक्यावर आमच्या घरातले सगळे निर्णय व्हायचे, गाय विकण्यापासून माझ्या कॉलेजपर्यंत. डेअरीवर दूध घालायला ते रोज दोनदा त्या फ्लेक्सखालून जायचे. आठवडाभर गेले. मान काही वर केली नाही.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. दशक्रिया प्रवरेच्या काठी होती. श्रद्धांजलीचा फ्लेक्स भावकीतल्या एका काकांनी फोनवरूनच सांगितला, आणि फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरात माझा जो फोटो होता तोच बिनदिक्कत चिकटवला. वर हार घातलेले आजोबा. खाली 'शोकाकुल' म्हणून घरातले सुतकी चेहरे, आणि त्यांच्यात मी, गॉगल लावून, फोनवर बोलत, बत्तिशी दाखवत.

एक पुढारी भाषणात म्हणाले, "या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे," आणि अख्ख्या गर्दीने वर, मंडपामागच्या फ्लेक्सवरच्या माझ्याकडे बघितलं. मागे बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या रडत नव्हत्या, एवढं मला कळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांचा मी फार लाडका होतो, आणि त्यांच्या दहाव्याला मीच तमाशा करून ठेवला होता.

भाषणं संपताच मी बांबूवर चढून दोरी सोडायला लागलो.

"राहू दी." खाली वडील उभे होते, डोकं भादरलेले. ते फ्लेक्सकडे बघत होते.

"पप्पा, लोकं हसत्यात."

"हसू दी. म्हातारं बी असंच दात काढून हसायचं." मग म्हणाले, "उतर खाली. पंगत बसली. वाढायला घरचं मानूस पायजे."

मी उतरलो आणि आमटीची बादली उचलली. दहा दिवसांत न आलेलं रडू तेव्हा आलं. मी वाढत होतो, रडत होतो, आणि पाहुणे ताटावर हात आडवा धरून "बास, बास" म्हणत होते.