साहेबानं फोडलेलं कोहळं

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीत सगळ्यांचं भलं झालं, असं आता लोक सांगतात. माझं एवढंच झालं की नवरा दुसऱ्याच्या कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याच्या वाटेला लागला आणि घरी सासू आणि मी उरलो. ज्वारीच्या रानात सगळ्यांनी कापूस पेरला होता. कापूस शिजवून खाता येत नाही हे घरं भरल्यावर लोकांच्या ध्यानात आलं, आणि ज्वारी महागली.

म्हणून मी साहेबाच्या बंगल्यावर भाजी चिरायला जाऊ लागले. साहेब कापूस विकत घ्यायला आलेला. त्याचा खानसामा एका व्यापाऱ्यानं जास्त पगार देऊन नेला, माळी कापसाच्या गाठी बांधायला पळाला. मग स्वयंपाक मेमसाहेब स्वतः करायची आणि चिरणं माझ्याकडे. मी पाव कापायची, खायची नाही. त्याला हात लागतो म्हणून सासू आधी कुरकुरली, पण ज्वारीचा भाव ऐकून गप्प बसली.

मेमसाहेबाला मला इंग्रजी शिकवायची हौस होती. कांदा चॉप, पाव स्लाइस, दिव्याची वात ट्रिम, आणि सुरी लावायची एवढंच म्हणायचं असेल तर कट. चुकलं की सुरी खाली ठेवायला लावून पुन्हा म्हणून घ्यायची. लहानपणी मी पंतोजीपुढे बसले होते, पाठांतर मला जड नव्हतं. एवढे बारीक फरक फक्त तिच्याच भाषेत आहेत असं तिला वाटे. आम्ही भाजी चिरतो, पीक कापतो, फांदी छाटतो, मेथी खुडतो, हे मी तिला सांगितलं नाही. शिकवण्यात तिचा वेळ बरा जात होता.

एकदा दुपारी जेवायला मुंबईचा मोठा साहेब यायचा होता. मेमसाहेबानं माझ्यापुढे अख्खं कोहळं ठेवलं आणि म्हणाली, "कट."

अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव आमच्यात बाई घालत नाही. पुरुषानं ते फोडायचं, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं म्हणतात. मला मुलगा नव्हता, पण पुढेमागे व्हायचा होता.

हे सांगायचं कोणत्या शब्दात? चॉप तर मी करणारच होते. स्लाइसही माझंच काम. ट्रिम वातीचं. उरला कट. मी म्हटलं, "साहेब कट. मी चॉप."

ती लाल झाली. "साहेब तुम्हारा नौकर है?"

"नौकर नाही, मेमसाहेब. आदमी है."

"कट नहीं करेगा तो घर जाओ. कल मत आओ."

घरी ज्वारी मडक्याच्या तळाला लागली होती आणि नवऱ्याचा निरोप नव्हता. तरी माझा हात पुढे होईना. त्यात मोठेपणा काही नाही. काम गेलं असतं तर सासू रडली असती. मी कोहळं फोडलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

आवाज ऐकून साहेब बाहेर आला. कापसासाठी खेडोपाडी हिंडून त्याची बोली आमच्यासारखीच झाली होती. "काय होऊन राह्यलं इथं?"

"कोहळं फोडाले माणूस पाह्यजे, साहेब. घरात तुमीच आहा."

तो हसला आणि मेमसाहेबाशी बराच वेळ इंग्रजीत बोलला. त्यात मला आलेला एकही शब्द नव्हता. मग कोट काढून त्यानं शिकारीचा सुरा आणला. पहिल्या घावाला कोहळं टेबलाखाली गेलं. दुसऱ्याला सुरा अडकला. शेवटी मेमसाहेबानं दोन्ही हातांनी कोहळं धरलं तेव्हा ते फुटलं. साहेबाचा चेहरा चिखलदऱ्याच्या जंगलात वाघ पाडल्यासारखा झाला. फोडी मी केल्या. जेवताना पाहुण्याला त्यानं सुरा कसा मारला ते हात उचलून दाखवलं. फोडींचं नाव निघालं नाही.

पाहुणा गेल्यावर मेमसाहेब म्हणाली, "कल आओ. और एक कोहळा लाओ."

मग दर बाजाराला कोहळं येऊ लागलं. साहेबाला ते आवडत नव्हतं, तिलाही नाही. पण तिच्या नवऱ्याला घरातलं एक काम लागलं होतं, ते तिला सुटू द्यायचं नव्हतं.

घरी सासूनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे काम राह्यलं?"

"राह्यलं."

"मंग त्याच्या बिया तं आणत जा. साहेब का बिया खाते?"