सस्पेक्टच्या हातची भाकर

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे पुसट झाली. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाजवळच्या एका खेड्यातले हे प्रकरण मात्र पुसट झालेले नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी फौजदार झाले होते आणि तपासात नाव कमावण्याची मला घाई होती.

पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करून परतलेला एक तरुण शेतकरी संध्याकाळी अंगणात कोसळला आणि दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच मरण पावला. डॉक्टरांनी इंग्रजीत ‘सस्पेक्टेड पॉयझनिंग’, म्हणजे विषबाधेचा संशय, असे लिहिले. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मग पोलीस पाटलाने खबर दिली : आदल्या दिवशी नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण झाले होते आणि फवारणीच्या औषधाची बाटली बायकोनेच दुकानातून आणली होती. मृताच्या थोरल्या भावाने फिर्याद दिली, खुनाचा गुन्हा दाखल झाला, तिला अटक झाली. तिची लहान मुलगी त्याच थोरल्या दिराच्या घरी राहिली.

डॉक्टरांच्या कागदावर ‘सस्पेक्टेड’ हा शब्द मृत्यूच्या कारणापुरता होता. प्रयोगशाळेतही मी तो तसाच शिकले होते : तपासून पाहायची शक्यता, खोटी ठरली की टाकून द्यायची. ठाण्यात मात्र तो ‘सस्पेक्ट’ होऊन पाहता पाहता त्या बाईचे नाव झाला. सस्पेक्टले चहा द्या, सस्पेक्ट जेवली काय?

“मॅडम, सस्पेक्ट रडून नाई राह्यली,” हवालदार म्हणाले. “नवरा मेला तं बाई भिताडावर डोकं आपटते.”

“न रडणे कोणत्या कलमात बसते, हवालदार?”

“कलमात नाई बसत. गावाच्या डोळ्यात तं बसते ना!”

मी तिच्यासमोर बसले. बाटली कोणी आणली, असे विचारले.

“मीच आणली. त्यायनंच धाडलं होतं मले.”

“भांडण कशावरून?”

“तंबाखूवरून. हात धुवून खात जा म्हटलं. तं म्हणे, तू काय डाक्टरीन हायेस?” मग तिनेच विचारले, “मॅडम, माह्या पोरीले कोन पाहून राह्यलं?”

तिच्या उत्तराने मी दुसऱ्या दिवशी शेतात गेले. शेजारच्या वावरात फवारणी चालू होती. पंपाचे तोंड तुंबले तसे फवारणाऱ्याने ते काढले, ओठांत धरून जोराने फुंकले आणि तो थुंकला. मग त्याच ओल्या तळहातावर तंबाखू-चुना मळून त्याने चिमूट ओठाखाली ठेवली.

“हात का धूत नाही?”

“विहीर कोठं हाय जवळ, मॅडम? अन् इतक्यानं काय होते!” तो हसला.

मृताचा पंप आणि तंबाखूची चंची मी पंचनामा करून जप्त केली. मृत्यूच्या दिवशी त्याच्यासोबत शेतात निंदण करणाऱ्या त्याच्या भावजयीला जेवणाबद्दल विचारले. ती म्हणाली, “तिनं बांधून देल्लेली एकाच फडक्यातली भाकर मी अन् भाऊजीनं खाल्ली.”

“हे आधी का सांगितले नाही?”

“मले कोनं इचारलंच नाई.”

नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून अहवाल आला. घरातून तपासायला नेलेल्या भांड्यांत विष नव्हते. चंची, पंपाचे तोंड आणि मृताचा व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयव, यांत एकच विष होते. दिवसभर तोंडावाटे आणि कातडीतून ते अंगात गेले असावे, असे मत डॉक्टरांनी दिले. ती सुटली.

तिला फक्त मुलगी हवी होती. मी सोबत गेले. दीर दारातच उभा राहिला.

“कागद तुमचा खरा असन, मॅडम. पण सस्पेक्ट बाईच्या हाती पोरगी कशी देऊ?”

आमच्या ठाण्यातला शब्द गावाच्या तोंडी बसला होता. मी त्याला कायदा समजावला, तेव्हा मुलीला बाहेर आणण्यात आले. आईने गाठोडे सोडून भाकरीचा तुकडा पुढे केला. मुलीने हात पाठीमागे नेले आणि जिला ती मोठी आई म्हणे, त्या काकूकडे पाहिले.

“मोठी आई, ह्याच्यात औषध नाई ना?”

आईने तो तुकडा आधी स्वतः खाल्ला. मग दुसरा मोडला.

तपास अधिकाऱ्याला संशय घ्यावाच लागतो. त्यावाचून तपास सुरू होत नाही. पण प्रयोगशाळेतली खोटी ठरलेली शक्यता कोणाच्या घरी राहायला जात नाही, माणसावरचा संशय मात्र राहायला जातो, हे मी त्या दारात शिकले. पुढे माझ्या ठाण्यात कोठडीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावानेच हाक मारली गेली. त्या आईला त्याचा काही उपयोग नव्हता. किती दिवस तिने पहिला घास असा स्वतः खाल्ला, हे तिला विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.