मासळीच्या डब्यातून ओतूरला गेलेले जिवाणू

माळशेजला लोक धबधबे बघायला जातात. मी गेले जिवाणू पोचवायला, तेही थंडीत.

माझी ताई मुलुंडची, पण घाटावर दिलेली, ओतूरला. सासऱ्यांनी शेताचा एक तुकडा तिला तिच्या मनाप्रमाणे करायला दिलाय. गेल्या वर्षी तिथला कांदा मिळमिळीत निघाला, चिरताना डोळ्यांत टिपूस नाही. यंदा कोवळी पातच पिवळी पडायला लागली. आता बिघडला तर तिथे ऊस लागणार, हे सासऱ्यांनी सांगूनच टाकलेलं.

ताईने गंधकाची पावडर घातली होती. पण मरोळला जैविक खतांच्या कारखान्यात असलेली माझी मैत्रीण शिल्पा म्हणाली, मुळांना नुसतं गंधक घेता येत नाही. मातीतले जिवाणू ते पचवून देतात तेव्हा पिकाला मिळतं, आणि कांद्याचा झणका गंधकाचाच. तिने जिवाणूंच्या दोन बाटल्या दिल्या. वर बजावलं, थंड ठेव.

थंड म्हटल्यावर आमची मालवणची आई गप्प बसते होय? मासळीचा थर्माकोलचा डबा, बर्फ, वर मूठभर खडेमीठ.

कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, मुरबाडनंतर रस्ता झकास. घाटमाथ्यावर गाडी थांबली की कांदाभजी खायचीच. मी घेतली, पण सहज डबा उघडला आणि वाट लागली! एक बाटली गोठून दगड. मिठाने बर्फ आणखी गारठतो, सुरमईला ते चालतं, जिवाणूंना नाही. शिल्पाला फोन केला. गोठलेल्यातले किती वाचले सांगता येणार नाही, ती म्हणाली, दुसरी हलवून बघ.

हलवली. आत खळखळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. भजी मग दोन प्लेट खाल्ली.

ओतूरला ताईने डबा हुंगला. "बांगड्याचा वास येतोय गं याला."

"येऊ दे. एक बाटली तरी जिवंत आणलीय."

ऊन उतरल्यावर ती पाण्यात कालवून आम्ही वाफ्यांत ओतली. निम्म्याच तुकड्याला पुरली. सासरे बांधावरून बघत होते.

मी मुलुंडला परतले आणि रोज ताईच्या फोनची वाट बघत बसले. काही आठवड्यांनी तो आला. निम्म्या तुकड्यात नवी पात हिरवीगार होती, आणि सासरे म्हणत होते, ऊस राहू दे, पोरीला अजून बाटल्या आणायला सांग. फोन ठेवून मी सरळ रडले.

उन्हाळ्यात कांद्याची पिशवी आली. आईने पहिलाच चिरला आणि पदराने डोळे पुसत मला हाक मारली.

"मेल्या कांद्यान रडयलां गो माका."