ताटावरचा आडवा हात

माझ्या धाकट्या जावेच्या दारावर पाटी लागली त्या दिवशी मी परड्यात जाऊन शेवग्याच्या शेंगा झोडपल्या. शेंगा कोवळ्या होत्या, उतरवायची काही गरज नव्हती. पण हातात काठी होती आणि समोर झाड होतं. पाटी लाकडाची, हिरव्या पानाचं चित्र काढलेली, त्यावर ‘शाश्वत पर्यटन : नमुना घर’ असं लिहिलेलं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, बाकी काही नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, म्हशीला पाणी दाखवताना ती पाटी मला दिसायचीच.

आमचं गाव कोल्हापुरातनं राधानगरीकडं जाताना डोंगर सुरू होतात तिथं आहे. अलीकडं इकडं धबधबे, फुलपाखरं, गवे बघायला माणसं यायला लागली. गाडीतली गाणी मोठ्यानं लावायची, ओढ्यात बाटल्या सोडायच्या आणि गावात चहासुद्धा न पिता निघून जायचं, अशी त्यांची रीत. ती बदलावी म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं गावातल्या बायकांसाठी प्रशिक्षण काढलं. पाहुण्यांनी आमच्याच घरात राहावं, आमचं जेवावं, रान राखून बघावं, आणि गावाचंही भलं व्हावं. शाळेच्या व्हरांड्यात फलक लावला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ‘क्षमता बांधणी’. मी शेजारणीला म्हटलं, बांधायची काय त्यात, माझी क्षमता तर पहिल्यापासनं बांधलेलीच आहे, एका बसणीला टोपलंभर भाकरी थापते.

शिकवायला आलेली मॅडम तरुण, खादीचा कुडता घातलेली, बोलायला गोड. तिनं सांगितलं की प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्या बायकांच्या घरी एकेकदा पाहुणे जेवायला येतील, आणि त्यातनं एक घर नमुना म्हणून निवडलं जाईल. पुढं येणारे पर्यटक आधी त्या घरात उतरतील. मी मनात म्हटलं, बाई, कशाला एवढा व्याप करतेस? गावात कुणालाही विचार. जत्रेला, बारशाला, साखरपुड्याला अख्खी भावकी माझ्याच घराच्या पुढच्या सोप्यात जेवते. माझा तांबडा रस्सा खायला लोक वाट वाकडी करून येतात.

आणि माझी जाऊ! चिकटपणात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नसेल. साबणाची वडी आणली की आधी सुरीनं दोन तुकडे करणार. अंघोळीचं पाणी गटारात जाऊ द्यायची नाही, चर काढून अळूला सोडणार. माणसं बसलेली असताना पंखा बंद करणार. जुन्या लुगड्याच्या पिशव्या, नारळाच्या काथ्याच्या घासण्या, भाकरी माणशी मोजून. वाटणी झाल्यापासनं मी हे सगळं भिंतीवरनं बघत आले आणि गावभर हसत आले.

तिच्या ह्याच गोष्टी आता मॅडम फोटो काढून सगळ्यांना दाखवायला लागली! अळूचा वाफा म्हणजे सांडपाण्याचं नियोजन. लुगड्याची पिशवी म्हणजे प्लास्टिकला पर्याय. चिकटपणाला असं सुंदर नाव मिळतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मी पाहुण्यांसाठी मुद्दाम कोल्हापुरातनं बाटलीबंद पाण्याचं खोकं आणलं होतं, वापरून टाकायच्या चकचकीत पत्रावळ्या आणल्या होत्या, ते बघून मॅडमचा चेहरा पडला. “काकू, माठ आहे की तुमच्याकडे,” म्हणाली. आवडतीचा शेंबूड गोड आणि नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

तरी मला वाटत होतं, जेवणावर डाव उलटेल.

माझ्याकडं पाहुणे आले तेव्हा मी पहाटेपासनं चुलीपुढं होते. तांबडा, पांढरा, सुकं मटण, वड्या, जिरेसाळचा भात. पाहुणे पुण्या-मुंबईकडचे. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, तेव्हा मी मनातल्या मनात पाटी दारावर ठोकूनसुद्धा टाकली. मग वाढायला लागले. आता आमच्याकडची रीत अशी की पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला म्हणजे त्याला नको असतं असं नाही. पाहुण्यानं हात धरायचा आणि वाढणारीनं त्याच्या बोटांमधनं रस्सा सोडायचा. हात धरल्यावर थांबलं तर तो पाहुण्याचा अपमान. घरी जाऊन सांगेल, हात आडवा केला तर बाईनं लगेच पळी मागं घेतली. म्हणून मी वाढत गेले. “घ्या की पावणं, लाजताय कशाला, हितं कोण परकं हाय?” एका बाईच्या बोटांवर गरम रस्सा पडला, तिनं हात झटकला, तरी मी हसून अजून एक पळी घातली.

त्या बिचाऱ्यांचं नको म्हणजे खरोखरच नको होतं.

मॅडमचा एक नियम होता. जेवणं झाली की सगळ्यांच्या ताटातलं उष्टं एका बादलीत काढायचं आणि ती बादली सगळ्यांनी मिळून बघायची. माझी बादली काठोकाठ भरली. भात, अर्ध्याअर्ध्या भाकरी, वड्या, आणि वर तांबड्याचा तवंग. मी सारवासारव करायला गेले. “म्हशीला घालतो की,” मी म्हणाले. “मटण? म्हशीला?” मॅडमनं विचारलं आणि सगळ्या बायका खो-खो हसल्या. दुसऱ्या दिवशी जावेच्या घरची बादली बघितली. तळाला हाडं आणि कढीपत्ता. तिनं प्रत्येकाला विचारून वाढलं होतं, थोडं थोडं. हात आडवा आला की थांबली होती. तिला थांबायला शिकवावं लागलंच नाही, ती जन्मापासनंच थांबलेली होती.

अशी ती पाटी तिकडं गेली.

त्यानंतरचा हंगाम मी कसा काढला ते माझं मला माहीत. सुट्टीच्या दिवशी तिच्या अंगणात गाड्या लागायच्या. मुंबईची एक पोरगी चुलीपुढं बसून तिच्याकडनं भाकरी शिकत होती. तिच्याकडनं! तिची भाकरी म्हणजे एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली, आणि त्या पोरीनं त्याचा व्हिडिओ काढला. मी भिंतीच्या अलीकडं माझी गोल, टम्म फुगलेली भाकरी मुद्दाम उंच धरून उलटत होते. कुणी बघितलं नाही. आमचे हे म्हणाले, “तव्याकडं ध्यान दे. भाकरीबी करपाय लागलीया आनि तूबी.”

कडेलोट झाला तो संस्थेनं तिलाच शिकवायला बोलावलं तेव्हा. कोल्हापुरात एका सभागृहात पार शिरोळकडच्या बायका जमल्या होत्या, आणि आमची ही, खांद्याला लुगड्याची पिशवी लावून, एसटीनं गेली. माइकवर बोलली म्हणे. मी बी. ए. झालेली, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात आभार मी मानायचे, आणि माइक हिच्या हातात! त्या दिवशी मला रडू आलं. पोटात दुखतं म्हणून मी लवकर आडवी झाले. ते खोटंही नव्हतं.

पाऊस सरल्यावर मॅडम पुन्हा आली. जावेच्या एका खोलीत पाहुणे मावेनासे झाले होते, म्हणून अजून एका घराला पाटी द्यायची होती. “काकू, पुन्हा बघायचं का?” तिनं विचारलं. “फक्त बादली सांभाळा.”

मी सराव सुरू केला. बाटल्यांचं खोकं देऊन टाकलं, माठ घासला, पत्रावळ्या माळ्यावर टाकल्या. हे सगळं जमलं. पण हात थांबेना. जेवताना ह्यांना सांगितलं, ताटावर हात धरा, मी थांबते. ह्यांनी धरला, मी मोठ्या कष्टानं थांबले, तर हे चिडले. “काय गं, भांडान झाल्यागत काय वाढाय लागलीस?” मग घातलीच एक पळी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी हात धरलाही नाही, तरी मी दोनदा वाढलं. माझ्या लक्षात आलं की माझ्या हाताला हे येणार नाही. पाटी पुन्हा जाणार, आणि ह्या वेळी तर घरचे सगळे बघत असताना जाणार.

मग मी जे केलं ते करताना जीभ चावून घ्यावी असं वाटत होतं. मी भिंतीपाशी गेले.

“उद्या पावणं माझ्याकडं हायत,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय की,” ती म्हणाली. अळूची पानं खुडत होती.

“तू येशील? वाढाय?”

ती पानं हातात घेऊन तशीच उभी राहिली. माझ्या घरात वाढायचं काम मी कधी कुणाला देत नाही. कार्याला ती यायची तेव्हा मी तिला लसूण सोलायला बसवायचे, मागच्या दारी. पळी तिच्या हातात एकदाही दिली नव्हती.

“मी? तुमच्यात वाढाय?”

“व्हय. आता काय पाया पडू?”

“येतो की आक्का,” ती म्हणाली आणि लगेच पाठ फिरवून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी आणि ती सोप्यात. मी दाराआडनं ऐकत होते. “आनि घालू का?” असं प्रत्येकाला विचारत होती, हळू आवाजात. कुणी हात आडवा केला की पळी मागं. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं अर्धी भाकरी मागितली, तर तिनं खरोखर अर्धी मोडली आणि उरलेली टोपल्यात ठेवली. मला आतनं ओरडावंसं वाटलं, अगं पूर्ण दे, म्हातारा माणूस आहे! मी पदर तोंडात धरला.

बादली आली. तळाला हाडं.

“काकू, पाटी तुमची,” मॅडम म्हणाली. “असा रस्सा मी कुठेच खाल्ला नाही.” मी हात जोडणार, एवढ्यात तिनं माझ्या जावेच्या खांद्यावर हात टाकला. “फक्त एक आहे हं. वाढायला नेहमी ह्या ताईच हव्यात. किती समजून वाढतात!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कारल्याची फोड तोंडात धरून माणूस हसतो तशी मी हसले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. ती खाली मान घालून भराभर जेवत होती, परक्या घरात जेवतात तशी. तिच्या ताटातला रस्सा संपला. मी पळी उचलली.

तिनं ताटावर हात आडवा धरला.

मी थांबले. एवढं शिकले होते, निदान इथं तरी चुकायचं नाही म्हणून चटकन थांबले. पळी पातेल्यात परत ठेवली. तिनं हात काढला नाही. ताटाकडंच बघत राहिली.

“थांबलासा व्हय?” ती म्हणाली. “साऱ्या गावाला बोटांवरनं घालता. मला कवा घातलासा, आक्का?”

तेव्हा मी तिचा हात नीट बघितला. बोटं चांगली फाकवून धरली होती.

मी पळी भरली आणि घातली. मग अजून एक. “भाजलं की वो!” ती ओरडली आणि बोटं तोंडात घालून हसली. तिला इतक्या मोठ्यानं हसताना मी भिंतीवरनं कधी ऐकलं नव्हतं. मी अजून वाढलं, सुकं मटण, वडी, भात. ती नको नको म्हणत राहिली आणि खात राहिली. शेवटच्या घासानं तिनं ताट असं पुसलं की घासायची गरज उरली नाही.

माझ्या ताटाच्या कडेला हात न लावलेली अर्धी भाकरी राहिली होती. तिनं ती बघितली, मला न विचारता उचलली आणि टोपल्यात ठेवली. माझ्याच घरात, माझ्याच पाटीच्या दिवशी, इथंसुद्धा तीच पहिली आली.